वैशाखातली शिवारफेरी: पहिल्यांदा पक्षी बघायला निघालेल्यांसाठी

पक्षी बघायचे म्हणजे हिवाळ्यात भिगवणला जायचं, बोटीत बसायचं, रोहित म्हणजे फ्लेमिंगो बघायचे, फोटो काढायचे, मासे खायचे आणि परत यायचं, असं पुण्या-मुंबईकडच्या बऱ्याच जणांच्या डोक्यात फिट्ट बसलंय. भिगवणला जरूर जा, पण मार्च संपला की "आता सीझन गेला" म्हणून दुर्बीण कपाटात जाते ना, ते मला पटत नाही. हिवाळ्यातले पाहुणे गेलेले असतात हे खरं, पण इथले कायमचे रहिवासी आहेत त्यांचा विणीचा हंगाम नेमका तेव्हाच सुरू असतो. नर रंगात येतात, दिवसभर ओरडतात, एकमेकांना हुसकतात, घरटी करतात, आणि झाडांना-रानाला पानोळा कमी असल्याने सगळं उघड्यावर चाललेलं असतं. त्यासाठी अभयारण्य लागत नाही, साधं शेत पुरतं.

खालचं सगळं मी पुरंदर तालुका डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, सासवड-जेजुरीच्या आसपासची शेतं, कऱ्हा नदीचा काठ, जिरायत आणि मधेमधे अंजीर-सीताफळाच्या बागा. दौंड, बारामती, इंदापूर, फलटण, शिरूर, पार नगर-सोलापूरपर्यंतच्या कोरडवाहू पट्ट्यात थोड्याफार फरकाने हेच पक्षी भेटतील. कोकणातल्या लोकांनी मात्र हे जसंच्या तसं वापरू नका, तिकडची झाडी वेगळी, पक्षीही बरेच वेगळे.

१. वेळ ठरवा, आणि ती पाळा

मेच्या मध्यावर आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य उगवतो. तुम्ही पावणेसहाला शेताच्या रस्त्यावर उभे पाहिजेत. सहा ते आठ हे खरे दोन तास, साडेआठनंतर पक्षी सावलीत जातात आणि नऊनंतर तुम्हीही गेलेलं बरं. पुण्याहून पीएमपीची पहिली बस धरली तरी सहाला शिवारात पोचणं अवघड, त्यामुळे एकतर स्वतःची गाडी नाहीतर आदल्या रात्री कुणाकडे तरी मुक्काम. हे जमत नसेल तर संध्याकाळी पाच ते सात जा, तेही चालतं, फक्त आवाज कमी मिळतात आणि वारा जास्त असतो.

महिनाभरात चित्र बदलत जातं ते लक्षात ठेवा. एप्रिल संपेपर्यंत भोरड्यांचे थवे, भोवत्या नावाचे शिकारी पक्षी, पिवळे धोबी हे हिवाळी लोक निघून गेलेले असतात, एखादा मागे राहिला तर राहिला. मेच्या पहिल्या पंधरवड्यात टिटव्या, वेडे राघू, कोतवाल, होले सगळे घरट्याच्या कामात. मेच्या शेवटी पावशाचं "पेरते व्हा, पेरते व्हा" सुरू होतं, ते कधीकधी रात्रीसुद्धा चालतं आणि खरं सांगायचं तर तासाभराने डोकं उठतं. मग मृगाच्या आगेमागे चातक येतो, आफ्रिकेतून, नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर.

आणि एक गोष्ट, वळीव झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी कामं सोडून जा. जमिनीतून पंखवाली वाळवी निघते आणि कोतवालापासून घारीपर्यंत जो तो त्याच्यावर तुटून पडतो.

२. कुठं चालायचं आणि कुणाला विचारायचं

नवख्या लोकांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो. शेत हे कुणाचं तरी असतं. पीक नसलं, नुसती ढेकळं दिसली, तरी ते मोकळं मैदान नाही. सुरुवातीला पाणंद रस्ता धरा. पाणंद म्हणजे शेतांच्या मधून जाणारी गावाची वहिवाटीची वाट, बैलगाडी-ट्रॅक्टर जातो ती, तिच्यावरून चालायला कुणी हरकत घेत नाही. दोन्ही बाजूला बांध, बोरी-बाभळी, घायपात, म्हणजे पक्ष्यांच्या दृष्टीनेही सगळ्यात चांगली जागा तीच. एक-दीड किलोमीटर पुरे. पाच किलोमीटर ठरवून निघालात तर चालणंच होईल, बघणं होणार नाही.

पाणंद सोडून आत जायचं असेल तर विचारायचं. समोर जो दिसेल त्याला लांबूनच "रामराम दादा" म्हणा, आपण कुठले, काय करतोय ते दोन वाक्यात सांगा. "पक्षी बघतोय" म्हटल्यावर आधी हसतील, मग "आमच्या विहिरीवर या की, लई घरटी हायत" म्हणून स्वतः घेऊन जातील. मावशी चहा ठेवतील, नाही म्हणू नका, नाहीतर पुढच्या वेळी तिथून जायला तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल.

पण पुरंदरात एक गोष्ट माहीत असलेली बरी. तालुक्याच्या पूर्वेकडच्या काही गावांमध्ये विमानतळाच्या भूसंपादनावरून वातावरण तापलेलं आहे, त्यामुळे गळ्यात दुर्बीण आणि हातात वही घेऊन बांधावर उभा राहिलेला अनोळखी माणूस दिसला की पहिला प्रश्न येतो, "मोजणीवाले का?" यात त्यांचं काही चुकत नाही, जमीन त्यांची जातेय. शांतपणे दुर्बीण त्यांच्या हातात द्या, तारेवरचा एखादा पक्षी दाखवा. तरीही त्यांना नको असेल तर नको, वाद न घालता परत फिरायचं. ड्रोन तर अजिबात नेऊ नका, या गावांत नाही आणि दुसरीकडेही नाही, पक्ष्यांनाही त्याचा त्रास होतो. मिलिटरीसारखे ठिपक्याठिपक्यांचे कपडे पण नकोत, पक्ष्यांना त्याचं काही नसतं आणि माणसांना संशय येतो. मातकट, खाकी, राखाडी असा कुठलाही जुना शर्ट चालतो.

वस्तीजवळ कुत्री असतात आणि ती त्यांचं काम करत असतात. पळायचं नाही, दगड उचलायचा नाही, थांबून घरातल्या कुणाला तरी हाक मारायची.

३. सोबत काय घ्यायचं

- दुर्बीण. तिच्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.
- पाणी, माणशी किमान दोन लिटर. नऊला निघायचं ठरवून दहा वाजतातच.
- कडेची टोपी किंवा उपरणं. छत्री नको, ती उघडली की अर्धं रान उडून जातं.
- पायात बूट, लांब पँट. मोजे घोट्याच्या वर येतील असे. बांधाच्या दगडात फुरसं, घोणस असू शकतात आणि कुसळं तर शंभर टक्के असतात.
- छोटी वही आणि पेन्सिल. मोबाईलवर लिहायला गेलात की मेसेज बघत बसाल.
- ओळखपत्र, आधार किंवा लायसन्स काहीही. शेतात परवाना वगैरे लागत नाही, पण कुणी विचारलं तर दाखवायला असू द्या. जवळच्या सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात जायचा विचार असेल तर तिथे गेटवर नोंद आणि प्रवेश फी असते, ते वेगळं.
- मराठी नावं असलेलं एखादं पक्ष्यांचं पुस्तक, पण ते गाडीत ठेवा. रानात पुस्तक उघडून पानं चाळेपर्यंत पक्षी गेलेला असतो, त्यापेक्षा बघून घ्या, लिहून घ्या, पुस्तक नंतर.

कॅमेरा मुद्दाम यादीत टाकलेला नाही. पहिले काही महिने कॅमेऱ्याशिवाय फिरा असं माझं स्पष्ट मत आहे. मोठी लेन्स हातात आली की माणूस पक्ष्याकडे बघायचं सोडून फ्रेमकडे बघतो आणि जवळ, अजून जवळ करत शेवटी उडवून लावतो.

४. दुर्बीण: कुठली घ्यायची, आणि घेतल्यावर ती लावून घ्यायची

दुकानात गेलात की "साहेब ही वीस पटीची बघा, ही झूमवाली बघा" सुरू होतं. नका घेऊ. ८×४२ घ्या, डोळे झाकून. यातला ८ म्हणजे आठपट मोठं दिसणार आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पट वाढली की हाताची थरथरही तितक्याच पटीने वाढते, दिसणारा भाग लहान होतो आणि उडता पक्षी सापडतच नाही. १०×४२ पण चालते पण सुरुवातीला आठच बरी. पाच ते दहा हजारांत कामचलाऊ मिळून जाते, त्याच्या खालची खेळणी असतात. आणि शक्यतो आधी कुणाची तरी मागून दोन सकाळ वापरा मग घ्या.

आता महत्त्वाचं. नवी दुर्बीण घेतलेल्या दहातले नऊ लोक ती स्वतःच्या डोळ्यांना लावूनच घेत नाहीत आणि मग "धुरकट दिसतं, डोकं दुखतं" म्हणतात. असं करा:

आधी दोन्ही नळ्या जवळ-लांब करून एकच गोल दिसेल असं करा. मग उजवा डोळा मिटा (किंवा उजव्या भिंगावर हात ठेवा), लांबची एखादी पाटी किंवा विजेच्या खांबावरची चिनी मातीची वाटी धरा आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला स्वच्छ दिसेपर्यंत आणा. आता डावा मिटा, मधल्या चाकाला हात लावू नका, आणि उजव्या बाजूच्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच पाटी स्वच्छ करा. झालं. त्या कडीवर कुठल्या आकड्याला आलं ते लक्षात ठेवा, यापुढे फक्त मधलं चाक. चष्मा असेल तर रबराच्या वाट्या खाली करायच्या आणि चष्म्यासकट बघायचं, नसेल तर वाट्या वर.

आणि पक्षी दुर्बिणीत शोधायचा नसतो. साध्या डोळ्याने बघायचा, नजर त्याच्यावरून हलू द्यायची नाही, आणि दुर्बीण डोळ्यांसमोर आणायची. घरी गच्चीत कावळ्यांवर प्रॅक्टिस करा, कावळे कंटाळत नाहीत.

५. पक्षी शोधू नका, जागा शोधा

हा सगळ्यात मोठा भाग आहे आणि माझ्या मते बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण हे धरून ठेवा. शिवारात प्रत्येक पक्ष्याची जागा ठरलेली असते. रान नुसतं फिरत राहिलात तर काही दिसत नाही, जागा ओळखून तिथे थांबलात तर पक्षी तुमच्यापुढे येतात.

*विजेची तार.* सगळ्यात सोपी, पहिल्या दिवशी इथूनच सुरुवात. सूर्य पाठीशी ठेवून उभे राहा, नाहीतर सगळे काळेच दिसतात. दुभंगलेल्या लांब शेपटीचा काळा कोतवाल, हिरवा सडपातळ वेडा राघू जो उडून हवेतच माशी पकडतो आणि परत त्याच जागी येऊन ती तारेवर आपटतो, होले दोन-तीन प्रकारचे, आणि खांबाच्या टोकावर पांढरी-राखाडी, लाल डोळ्यांची कापशी घार. नीलपंखाकडे नीट बघा. बसलेला असताना मातकट, जाडजूड, काही विशेष वाटत नाही, पण उडाला की पंखात असा निळा उघडतो की पहिल्यांदा बघणारा माणूस ओरडतोच. या दिवसांत नर सरळ वर चढतो आणि कर्कश ओरडत, लोळण घेत खाली येतो.

*नांगरट.* ट्रॅक्टर चालू दिसला की बांधावर जाऊन बसा. फाळामागे गायबगळे, साळुंक्या, काळ्या शराट्या, वर घारी. गायबगळ्यांच्या डोक्या-मानेवर आणि पाठीवर या सुमाराला भगवट रंग चढतो, त्याला वेगळा पक्षी समजू नका. ट्रॅक्टर नसेल तर नुसत्या ढेकळांकडे पाच मिनिटं साध्या डोळ्यांनी बघत राहा. एखादं ढेकूळ चालायला लागलं की तो चंडोल असतो किंवा डोंबारी. डोंबाऱ्याचा नर चिमणीपेक्षा बारका, पोट काळं, डोकं राखाडी, आणि त्याचं वर चढून पंख मिटून खाली कोसळणं, पुन्हा चढणं, पुन्हा कोसळणं असं शिट्टी मारत चाललेलं असतं. मी याच्यापुढे मोर पण बघत नाही. खडकाळ पडीक रानात नशीब असेल तर धाविक, लांब पायांचा, तांबूस, डोळ्यावरून काळी-पांढरी पट्टी, दहा पावलं पळतो, ताठ उभा राहतो, परत पळतो.

*बांध.* बोर, बाभूळ, घायपात, सीताफळ असलेला जुना रुंद बांध मिळाला तर सकाळ तिथेच संपवा. तित्तर आधी ऐकू येतात मग दिसतात, बऱ्याचदा दिसत नाहीतच. सातभाईंचा घोळका कलकलाट करत जातो. वटवट्या शेंड्यावर बसून आपलं नाव सार्थ करतो. खाटीक बाभळीच्या शेंड्यावर एकटा बसलेला असतो, डोळ्यांवर डाकूसारखी काळी पट्टी, त्या झाडाचे काटे तपासा, कधीकधी टोळ किंवा सरडा खोचून ठेवलेला सापडतो. हे बांध आता कमी व्हायला लागलेत, जेसीबीने कोरून सरळ केले जातात, आणि उन्हाळ्यात साफसफाई म्हणून पेटवतात त्यात तित्तर आणि चंडोलांची अंडी जातात. ज्याचं रान त्याला हे सांगता येईल इतकी ओळख झाली की सांगा, त्याआधी नको.

*विहीर.* दगडी बांधकामाच्या जुन्या विहिरीत पारवे, कपारीत पिंगळा, वर झुकलेल्या बाभळीला सुगरणीची गेल्या वर्षीची वाळकी घरटी. नवी विणायला पाऊस पडून हिरवं गवत यावं लागतं, पण मेच्या शेवटाला नरांची डोकी पिवळी व्हायला लागतात. मातीच्या कडेच्या विहिरीत खंड्याचं बीळ असतं. सावधान, बऱ्याच विहिरींना कठडा नसतो आणि दुर्बीण डोळ्याला लावून चालणारा माणूस खाली बघत नाही. चालताना दुर्बीण खाली, थांबल्यावर वर, हा नियमच करा. आणि विहिरीत किंवा वरच्या झाडावर आग्या मोहोळ आहे का ते लांबूनच बघून घ्या, अत्तर-डिओ मारून जाऊ नका.

*पाणी.* वैशाखात कुठे ठिबकचा व्हॉल्व गळतोय, कुठे गुरांची हाळ भरलेली आहे, कुठे कऱ्हेत डबकं उरलंय, ते शोधलंत तर अर्धं काम झालं. पंधरा-वीस पावलांवर सावलीत बसा आणि अर्धा तास हलू नका. होले, मुनिया, रानचिमण्या, भांगपाडी मैना एकामागोमाग येतात. माळाजवळ असाल तर ऊन चढायला लागल्यावर पखुर्ड्या येतात, आधी वरून घोगऱ्या आवाजात बोलत एक चक्कर मारतात, मग उतरतात. यांचा नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून तेच पाणी लांबवर पिल्लांना नेऊन पाजतो, म्हणून पाण्यात बसलेला दिसला तर त्याला तिथून उठवू नका. प्लॅस्टिक कागद टाकलेल्या शेततळ्याच्या उतारावर मात्र पाऊल टाकायचं नाही, त्यावरून घसरलेला माणूस पोहता येत असूनही वर येऊ शकत नाही.

*ओढा.* वाळलेल्या ओढ्याच्या मातीच्या कडेला छोटी गोल भोकं दिसली तर ती बहुतेक वेड्या राघूंची. पुलाखाली भिंगऱ्यांची मातीची घरटी.

*मोठं झाड आणि वस्ती.* वड-पिंपळाला फळं असतील तर तांबट आणि हरियल, हरियल म्हणजे आपला राज्यपक्षी, पानात इतका मिसळतो की आधी हालचाल दिसते मग पक्षी. आंब्याच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी. कावळ्याच्या घरट्याभोवती कोकिळ घुटमळताना दिसली तर तिथे काय शिजतंय ते तुम्हाला माहीतच आहे.

६. ओळखताना हमखास होणारे घोटाळे

काळा पक्षी दिसला की शेपूट बघा. खोल दुभंगलेली असेल तर कोतवाल. लांब, सरळ आणि डोळा लाल तर कोकिळाचा नर. कोकिळेची मादी काळी नसतेच, तपकिरी अंगावर पांढरे ठिपके, आणि कुहू करत नाही, ते सगळं नराचं. मोठा, काळा पण पंख विटकरी, झुडपाखालून चालत जाणारा तर भारद्वाज.

टिटवी दोन प्रकारची. डोळ्यासमोर लाल मांस, गळा-छाती काळी, पाण्याजवळ आणि आरडाओरडा करणारी ती नेहमीची टिटवी. चेहऱ्यावर पिवळी झालर, डोक्यावर काळी टोपी, कोरड्या माळावर आणि त्यामानाने शांत ती माळटिटवी. दोघींचे पाय पिवळेच असतात, त्यावरून काही ठरवू नका.

होल्यांमध्ये मानेकडे बघायचं. मागे काळी अर्धी कडी, अंग फिकट राखाडी तर पठाणी होला. मानेवर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची शाल तर कवडा. दोन्ही नाही, बारका, छातीवर बारीक काळे ठिपके तर छोटा तपकिरी होला, शिवारात सगळ्यात जास्त हाच.

चिमणीसारखी चिमणी पण गळ्यावर पिवळा डाग आणि खांद्यावर तांबूस, ती रानचिमणी. झाडाच्या ढोलीत नाहीतर लोखंडी पाइपाच्या तोंडात घर करते. पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी लहानपणी एअरगनने मारून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत विचारायला नेली होती ती चिमणी हीच, पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

वंचक म्हणजे ढोकरी, पाण्याकाठचा छोटा बगळा, एरवी मातकट, रेघारेघांचा असतो, या दिवसांत पाठ गडद तांबडी-किरमिजी होते. अनेक जण त्याला नवीन पक्षी म्हणून नोंदवतात.

७. कान आणि ॲप

मर्लिन नावाचं फुकट ॲप आहे, कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं. आपल्या भागाचा पॅक घरी वायफायवर आधीच डाऊनलोड करून ठेवा, शिवारात रेंज मिळेलच असं नाही. आवाज ऐकवला की नाव सुचवतं, नवख्याला खरंच मदत होते. पण सुचवलं म्हणजे ठरलं असं समजू नका. मोटार चालू असेल, वारा असेल तर भलतंच नाव येतं, शिवाय लांब शेपटीचा खाटीक इतर पक्ष्यांच्या नकला करतो, त्यामुळे एका बाभळीवरून चार पक्षी ऐकू आले तर आधी वर कोण बसलंय ते बघा. ॲपने नाव दिलं, आता तो पक्षी डोळ्याने शोधा, सापडला तर लिहा.

त्याच ॲपमध्ये आवाज वाजवायची पण सोय आहे, आणि इथे मी थोडं कडक बोलणार आहे. विणीच्या दिवसांत रानात स्पीकरवर आवाज वाजवू नका. नराला वाटतं की आपल्या हद्दीत दुसरा नर आलाय, तो पिल्लांना चारायचं सोडून तुमच्या मोबाईलशी भांडायला येतो. तुम्हाला फोटो मिळतो, त्याची सकाळ जाते.

८. घरटं किंवा अंडी दिसली तर

बहुतेकांना वाटतं की पक्षी अंड्यावर बसतो तो ऊब द्यायला. वैशाखात उलटं असतं. उघड्या रानात चाळीस अंशाच्या उन्हात जमिनीवरची अंडी तापून मरू नयेत म्हणून टिटवी त्यांच्यावर सावली धरून उभी असते, मधेच जाऊन पोटाची पिसं ओली करून येते आणि अंडी गार करते. तुम्ही बारा वाजता तिथे कॅमेरा घेऊन उभे राहिलात, ती उठून ओरडत फिरत राहिली, की तेवढ्या वेळात अंडी उन्हात भाजतात. कुणी दगड मारला नाही, कुणी हात लावला नाही, तरी खेळ संपला.

म्हणून:

टिटवी डोक्यावरून घिरट्या घालून ओरडायला लागली की जागेवर थांबा. पायाखाली बघा. अंडी खड्यांच्या रंगाची असतात, बहुतेकदा चार, आणि घरटं म्हणजे नुसता खळगा. जिथून आलात त्याच पावलांनी मागे फिरा, नवी वाट काढू नका.

पक्ष्याच्या चोचीत किडा आहे पण तो कुठेच जात नाहीये, नुसता या फांदीवरून त्या फांदीवर, तर तो तुम्ही जायची वाट बघतोय. जा.

एखादा पक्षी पंख मोडल्यासारखा फरफटत चालला तर त्याच्या मागे जाऊ नका, तो तुम्हाला घरट्यापासून लांब नेतोय.

पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर घरी आणू नका. पंख फुटलेलं असेल तर ते उडायला शिकत असतं आणि आईबाप जवळच असतात, फार तर वाटेवरून उचलून शेजारच्या झुडपात सावलीला ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते हे खरं नाही.

फोटोसाठी घरट्याच्या आड येणारी फांदी वाकवू नका, तोडू तर नकाच. ती फांदी कावळ्यापासून आणि उन्हापासून आडोसा असते. अंडी-पिल्लं घेणं, घरटं मोडणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हे गावातल्या पोरांना दम देऊन सांगू नका, दुर्बिणीतून एकदा टिटवीचं पिल्लू दाखवा, काम होतं.

जाता जाता, टिटवीने बांधावर उंच अंडी घातली की पाऊस जास्त, खाली सखल घातली की कमी असं जुनी माणसं सांगतात. कुणी आजोबा सांगायला लागले तर वही काढून लिहून घ्या, टिटवीची अंडी कुठे आहेत ते त्यांना नेमकं माहीत असतं.

९. नोंद

वहीत तारीख, वेळ, गाव, कुठून कुठपर्यंत चाललो, आणि पक्षी किती दिसले ते लिहा. नाव माहीत नसेल तर आकार, चोच, शेपूट, काय करत होता, कुठल्या जागेवर होता. जागा लिहिलीत की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

घरी आल्यावर ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर, यादी टाका, तेही फुकट आहे, मर्लिनवाल्यांचंच. सुरू केल्याची वेळ, किती वेळ, किती अंतर आणि दिसलेले सगळे पक्षी, कावळे-साळुंक्या धरून. बरेच नवखे फक्त "भारी" पक्षी टाकतात आणि चिमण्या-कावळे सोडतात, मग त्या यादीचा अभ्यासाला फारसा उपयोग राहत नाही. मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी साधारणपणे जगभर एकाच दिवशी पक्षी मोजतात, पहिली यादी टाकायला तो दिवस चांगला, त्या दिवशी शिवारातून फार कमी याद्या जातात, सगळे तलावावर असतात.

घरट्याचं नेमकं ठिकाण कुठेच टाकू नका, गावाचं नाव पुरे. आणि चंडोल कुठला ते कळलं नाही तर "चंडोल, जात नक्की नाही" असा पर्याय तिथे असतो, तोच निवडा. चंडोलांच्या बाबतीत मी अजूनही बऱ्याचदा तोच निवडतो.